पीटर सेलम : एक नागरिक-सैनिक

(अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शेतकरी, लोहार, सुतार अशी साधी माणसे बंदूक घेऊन उभी राहिली. त्यांतील एक जण जन्माने गुलाम होता. त्याची हकिकत या पाठात दिली आहे.)

ही गोष्ट सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. त्या वेळी अमेरिकेत इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. मॅसॅच्युसेट्स ही त्यांतील एक. तेथील फ्रेमिंगहॅम या गावी १७५० च्या सुमारास पीटरचा जन्म झाला. तो जन्मापासून गुलाम होता. बैल विकावा तसा मालक गुलामाला विकू शकत असे. जेरेमाया बेलनॅप हा पीटरचा पहिला मालक. पुढे त्याने पीटरला लॉसन बकमिन्स्टर याला विकले.

त्या काळी वसाहतींतील गावागावांत नागरिकांची पथके असत. हे लोक पगारी शिपाई नव्हते. ते आपापला धंदा करत आणि ठरलेल्या दिवशी मैदानात जमून कवायत करत. इंग्रज सरकारशी तंटा वाढू लागला, तेव्हा या पथकांतून काही तरुण निवडण्यात आले. हाक येताच ते एका मिनिटात तयार होत, म्हणून त्यांना 'मिनिटमॅन' म्हणत.

१९ एप्रिल १७७५ रोजी ती हाक आली. कॉन्कॉर्ड गावातील शस्त्रसाठा जप्त करण्यासाठी बोस्टनहून सुमारे सातशे इंग्रज शिपाई निघाले होते. वाटेत लेक्झिंग्टन येथे गोळीबार झाला आणि आठ नागरिक-सैनिक ठार झाले. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. गावोगावची पथके धावून आली. फ्रेमिंगहॅमचे पथक कप्तान सायमन एजेल यांच्या हाताखाली निघाले. त्यात पीटर होता. इंग्रज शिपाई बोस्टनकडे परत फिरले, तेव्हा झाडांच्या आणि दगडी कुंपणांच्या आडून त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला.

पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या सुरक्षा समितीने ठराव केला, की सैन्यात गुलामांना घेऊ नये. फक्त स्वतंत्र माणसांनाच घ्यावे. पीटरला सैन्यात राहता यावे म्हणून त्याच्या मालकाने त्याला मुक्त केले. आता तो कोणाचा गुलाम नव्हता. तो सैनिक होता.

१७ जून १७७५ रोजी बोस्टनजवळ मोठी लढाई झाली. ती बंकर हिलची लढाई म्हणून प्रसिद्ध आहे. खरे तर ती शेजारच्या ब्रीड्स हिल या टेकडीवर झाली. अमेरिकन सैनिकांनी एका रात्रीत माती खणून तेथे तटबंदी उभी केली होती. इंग्रजांनी दोनदा हल्ला केला आणि दोन्ही वेळा त्यांना मागे हटावे लागले. तिसऱ्या वेळी अमेरिकनांची बंदुकीची दारू संपत आली आणि त्यांना टेकडी सोडावी लागली. पण त्या दिवशी एक हजाराहून अधिक इंग्रज सैनिक मेले किंवा जखमी झाले. मेजर पिटकेर्न हा इंग्रज अधिकारी या लढाईत मारला गेला. तो पीटरच्या गोळीने पडला, असे पुष्कळ लोक सांगत. त्या धुमाळीत गोळी नक्की कोणाची लागली, हे सांगणे कठीण आहे. पण पीटर त्या टेकडीवर लढला, यात शंका नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी काळ्या लोकांना पुन्हा भरती करू नये, असा हुकूम निघाला. थोड्याच दिवसांत सेनापती वॉशिंग्टन यांनी तो बदलला आणि स्वतंत्र काळ्या सैनिकांना परत घेतले. पीटरने पुन्हा नाव नोंदवले. १७७७ साली सॅराटोगा येथे इंग्रजांची मोठी फौज शरण आली. त्या मोहिमेतही पीटर होता. जवळजवळ पाच वर्षे सेवा करून तो घरी परतला. या युद्धात सुमारे पाच हजार काळे सैनिक अमेरिकेच्या बाजूने लढले, असा अंदाज आहे.

१७८३ साली पीटरने केटी बेन्सन हिच्याशी लग्न केले. लेस्टर गावाजवळ त्याने एक लहान झोपडी बांधली. खुर्च्यांना वेत विणून तो पोट भरू लागला. पण गरिबीने त्याची पाठ सोडली नाही. म्हातारपणी तो फ्रेमिंगहॅमला परत आला. तेथील गरिबांसाठी असलेल्या घरात १६ ऑगस्ट १८१६ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८१८ साली, स्वातंत्र्ययुद्धातील गरीब सैनिकांना पेन्शन देण्याचा कायदा झाला. पीटरला त्याचा उपयोग झाला नाही.

१८८२ साली गावाने त्याच्या कबरीवर स्मारकाचा दगड बसवला. ज्या गावात तो एकदा विकला गेला, त्याच गावाने त्याचे नाव दगडावर कोरले.

सर्व माणसे समान आहेत, असे अमेरिकेने १७७६ साली जाहीर केले. पण संपूर्ण देशातील गुलामगिरी कायद्याने बंद व्हायला १८६५ साल उजाडले. ज्या स्वातंत्र्यासाठी पीटर लढला, ते त्याच्या बांधवांना मिळायला आणखी नव्वद वर्षे लागली.

शब्दार्थ
वसाहत – दुसऱ्या देशाच्या ताब्यातील मुलूख
तंटा – भांडण
कवायत – सैनिकी सराव
तटबंदी – संरक्षणासाठी बांधलेली भिंत
धुमाळी – गोंधळ, गर्दीची लढाई
पाठ न सोडणे – सतत मागे लागणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पीटरचा जन्म कोणत्या गावी झाला?
(आ) 'मिनिटमॅन' हे नाव का पडले?
(इ) अमेरिकन सैनिकांना टेकडी का सोडावी लागली?
२. 'पीटरला त्याचा उपयोग झाला नाही', असे लेखकाने का म्हटले आहे?
३. वाक्यात उपयोग करा : वाऱ्यासारखी पसरणे, शरण येणे, पोट भरणे.