माणशी पाणी : जोडलेल्या जगण्याचा एक धडा

शिक्षण, नोकरी आणि संघटन या विषयांवर आपण मंडळात नेहमीच बोलतो. प्रस्तुत लेखात आम्ही सभासद बंधू-भगिनींचे व विद्यार्थी मित्रांचे लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. माती, पाणी आणि शेजारी यांच्याशी जोडून घेऊन टिकाऊ जीवन कसे जगावे, हा तो विषय होय.

या विचाराला जगात 'पर्माकल्चर' असे नाव आहे. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७८ साली पुस्तक लिहून तो मांडला. जमिनीची काळजी घ्यावी, माणसांची काळजी घ्यावी आणि गरजेपेक्षा जास्त असेल ते वाटून घ्यावे, ही त्याची तीन सूत्रे. एका कामातून उरलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावायची, ही त्याची रीत. मोरीचे पाणी अळूला, घरातला ओला कचरा खताच्या खड्ड्याला, खत शेवग्याला आणि शेवग्याच्या शेंगा घराला. वाया जाणारे असे काही ठेवायचेच नाही.

हे तर आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. बाजरीत तूर, मटकी, हुलगा मिसळून पेरणे, बांधावर बोर-बाभूळ राखणे, बी घरच्या घरी जपणे हे सारे आपल्या भागात होतेच. सावडीने एकमेकांच्या शेतात राबणे होते, इर्जिकही होते. परंतु 'जुने गाव किती छान, सगळे एकमेकांना धरून' असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा आपण थोडे थांबावे. त्या गावात आपले पूर्वजही जोडलेले होते, पण ते बलुत्याने व वेठीने. पाणवठा मात्र वेगळा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भारतीय खेड्याच्या गोडव्यांवर कठोर टीका केली, ती याच अनुभवातून. तेव्हा जोडलेपण हवे, पण ते बरोबरीचे हवे. सावड ही बरोबरीच्या माणसांतच होते. जिथे बरोबरी नाही तिथे तिची वेठ होते.

नायगावचा प्रयोग

बरोबरीचे जोडलेपण प्रत्यक्षात कसे आणावे, याचे एक उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात पुण्यातील अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले. हजारो माणसे खडी फोडत होती, पण पुढच्या दुष्काळाला तोंड देता येईल असे काम मात्र त्यातून उभे राहत नव्हते, हे त्यांनी पाहिले. नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर उताराची जमीन त्यांनी दीर्घ मुदतीने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याला पाणी अडवले, विहीर खणली. ओसाड माळावर पीक उभे राहिले. इथपर्यंतची गोष्ट तंत्राची झाली.

खरा धडा पुढे आहे. पाणी तर मिळाले. ते वाटायचे कसे? ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ही चालत आलेली रीत. पाणी पंचायतीने ती बदलली. पाणी जमिनीवर नव्हे तर माणसांवर मोजायचे असे ठरले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. उसासारखे भरपूर पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः भरायचा. पाणी सोडायला सर्वांनी मिळून पाटकरी नेमायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आपल्या वाट्याच्या पाण्यावर त्याने दुसऱ्याची जमीन वाट्याने कसावी, अशी वाट त्यात मोकळी ठेवली होती.

पाणी पंचायतीच्या सर्वच योजना पुढे टिकल्या असे नाही. विलासराव २००२ साली निवर्तले. तरीही 'पाणी माणशी मोजावे' हा विचार मागे राहिला, आणि तो आपल्यासाठी फार मोलाचा आहे. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. प्रत्यक्ष ओंजळ भरण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावरचा हक्क वापरला तरच हक्क ठरतो, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

विहीर हे संयुक्त खाते

आम्ही बँकेत काम करतो, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. गावच्या जमिनीखालचे पाणी हे सर्व गावाचे संयुक्त खाते आहे. पाऊस त्यात भरणा करतो, विहिरी व बोअर त्यातून काढतात. ज्याची मोटार जास्त हॉर्सपॉवरची तो जास्त काढतो आणि पासबुक कोणीच पाहत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हे पासबुक लिहायला घेतले. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यानुसार पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, असा नियमही त्या गावाने केला.

विद्यार्थी मित्रांनी हे गणित करून पाहावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका गुंठ्यावर ५० हजार लिटर पाणी पडते. २० चौरस मीटर पत्र्यावर १० हजार लिटर पडते. काही वाया गेले तरी ८ हजार लिटर पिंपात व टाकीत धरता येईल. शिरूर तालुका पर्जन्यछायेचा, कवठे येमाईचा माळही त्यातलाच. कुकडी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात आपला तालुका येतो. परंतु कालव्याचे पाणी ज्याची जमीन त्याच्याकडे जाते. पत्र्यावरचे पाणी मात्र ज्याचे घर त्याचे.

आपण काय करावे

आपल्यापैकी अनेकांकडे जमीन नाही, कोणाकडे वतनाचा लहानसा तुकडा आहे. त्यांनी निराश होऊ नये. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून, दहा गुंठ्यांत नीट नियोजनाने एक कुटुंब उभे राहू शकते, असे आग्रहाने मांडले. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करावेत आणि जे कळले ते एकमेकांना सांगावे, ही त्यांची शिकवण. ती दोन गुंठ्यांच्या परसालाही लागू पडते.

घरापुरते सांगायचे तर दाराजवळ रोज लागणारी भाजी लावावी, मोरीच्या वाटेवर अळू व केळ, कुंपणाला शेवगा व हादगा. पालापाचोळा जाळू नये. तो झाडांच्या बुडाशी अंथरावा, म्हणजे ओल टिकते. खताचा खड्डा करावा व घरचे बी राखावे.

मंडळापुरते सांगायचे तर तीन कामे हाती घेता येतील. पहिले, वस्तीत पाऊस मोजून त्याची वही ठेवावी. हे काम शाळेतील मुलांकडे द्यावे. दुसरे, बियाण्यांची पेटी ठेवावी. एक मूठ न्यावी, पीक आल्यावर दोन मुठी परत कराव्यात. तिसरे, ग्रामसभेत आपल्या माणसांनी, विशेषतः भगिनींनी, हजर राहून पाण्याचा हिशेब विचारावा. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्यास सुरुवात केली, तेव्हा गरीब बायका कर्ज फेडतील काय, असे पुष्कळांनी विचारले होते. दरमहा थोडे थोडे साठवणाऱ्या बायकांनीच त्याचे उत्तर दिले. पाण्याच्या बाबतीतही तसेच उत्तर देता येईल.

जमीन सर्वांना सारखी मिळाली नाही. पाऊस मात्र कोणाचा सातबारा पाहून पडत नाही. तो अडवणे हे श्रमाचे काम आहे आणि अडवलेले माणशी वाटणे हे न्यायाचे. येत्या मृगापूर्वी निदान पाऊस मोजण्याची वही तरी आपल्या वस्तीत सुरू व्हावी, एवढीच आमची सभासदांना नम्र विनंती आहे.