नवा सुपरिंटेंडेंट शोधताना

न्यू जर्सीतल्या आमच्या गावाचे सुपरिंटेंडेंट निवृत्त झाले, तेव्हा मी स्कूल बोर्डावर होते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी सरकार पाठवतं. इथे गावातल्या सरकारी शाळांचा प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडेंट, बोर्ड निवडतं. आम्ही सभासद बिनपगारी, आपापल्या नोकऱ्या सांभाळून आलेले. म्हणून बरीच बोर्डं या कामाला सल्लागार कंपनी लावतात. आम्हीही लावली. ज्यांच्यावर ही वेळ येईल, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

१. आपल्याला काय हवंय ते कंपनी येण्याआधी ठरवा. नाहीतर जाहिरातीत ‘दूरदृष्टी’ आणि ‘संवादकौशल्य’ येतं, जे कुठल्याही गावाला चालतं. आमच्याकडे शाळांच्या हद्दी नव्याने आखायच्या होत्या. इथे लोक शाळा बघून घर घेतात, त्यामुळे हद्द हलली की गाव पेटतं. ‘हे काम आधी निभावलेली व्यक्ती हवी’ एवढ्या एका वाक्यासाठी आम्ही खूप भांडलो, पण मुलाखतीतले सगळे प्रश्न त्यातूनच निघाले.

२. बैठकीत छान बोलणारा कंपनीचा भागीदारच पुढे उमेदवारांना फोन करणार आहे का, ते विचारा. हे सल्लागार अनेकदा निवृत्त सुपरिंटेंडेंट असतात. ओळखी ही त्यांची पुंजी. पण त्याच ओळखीतली नावं गावोगाव फिरत राहतात. म्हणून त्यांनी निवडलेलेच नव्हे, आलेले सगळे अर्ज मागा.

३. नेमलेली व्यक्ती वर्ष-दोन वर्षांत सोडून गेली, तर शोध पुन्हा फुकट करून मिळेल, आणि कंपनी तिला दुसऱ्या गावासाठी पळवणार नाही, हे करारात हवं. स्कूल बोर्डांची राज्य संघटनाही हे काम करून देते. तिचाही प्रस्ताव मागवा.

४. उमेदवाराच्या पडताळणीचा अहवाल स्वतः वाचा. आयोवातल्या डे मॉइनच्या स्कूल डिस्ट्रिक्टने २०२३ मध्ये सल्लागार कंपनीमार्फत इयन रॉबर्ट्स यांना सुपरिंटेंडेंट नेमलं. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी त्यांना अटक केली. मग त्यांनी सांगितलेली डॉक्टरेट त्यांना मिळालेलीच नव्हती, हेही गाजलं आणि डिस्ट्रिक्टने कंपनीवर दावा लावला. पण पदवीतली ही विसंगती नेमणुकीच्या वेळच्या तपासणीतच दिसली होती! मला ही गोष्ट सगळ्यात जास्त बोचते. कागद असणं आणि त्यावर थांबून विचार करणं यात फार अंतर आहे. विद्यापीठाकडून पदवीची खात्री थेट करून घ्या. उमेदवाराने दिलेल्या संदर्भांपलीकडे जाऊन त्याच्या जुन्या गावातल्या शिक्षक संघटनेला, मुख्याध्यापकांना विचारा. हे फोन बोर्डानेच करावेत.

५. कंपनीचे दुसरे धंदे कोणते, ते लेखी घ्या. शिकागोच्या शाळांच्या प्रमुख बार्बरा बर्ड-बेनेट यांच्या काळात, २०१३ मध्ये, सुमारे दोन कोटी डॉलरचं प्रशिक्षणाचं कंत्राट निविदेविना एका कंपनीला गेलं. बर्ड-बेनेट पूर्वी त्याच कंपनीसाठी काम करत होत्या. या कंत्राटातल्या लाचखोरीच्या प्रकरणात २०१५ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. त्या कंपनीच्या मालकांचा सुपरिंटेंडेंट शोधून देण्याचाही व्यवसाय होता. माणूसही तुम्हीच देणार आणि त्याला मालही तुम्हीच विकणार, हे मान्य करू नका.

६. पालकांची मतं फक्त इंग्रजी प्रश्नावलीतून मागवली, तर तीच ती घरं बोलतात. आम्ही स्पॅनिश, गुजराती, तेलुगूत प्रश्न द्यायला लावले. बसचालक आणि कँटीनमधल्या बायकांनाही विचारलं. त्यांना एवढंच हवं होतं, की नव्या साहेबांनी शाळेत येऊन बघावं.

७. शोधातल्या गुप्ततेवरून लोक रागावतात, आणि तो राग मला समजतो. पण उमेदवाराचं नाव लवकर फुटलं, तर त्याची सध्याची नोकरी धोक्यात येते. न्यू जर्सीचा १९७५ चा खुल्या सभांचा कायदा नेमणुकीची चर्चा बंद दाराआड करू देतो. मतदान मात्र लोकांसमोरच व्हावं लागतं. त्या सभेत प्रत्येक सभासदाने आपल्या मताचं कारण माइकवर सांगावं, असा आग्रह मी धरला. पुन्हा बोर्डावर आले तर पुन्हा धरेन.