आजार वेळेत शोधायचा, तर रत्नागिरीत किती पैसे लागतात?

‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज घेण्याआधी गावच्या उपकेंद्रात जा. तुम्ही तिशी ओलांडली असेल, तर रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग या पाचांची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य यंत्रणेत मोफत होते. उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसेल, जागा तीच आहे. आशाताईंना सांगून फॉर्म भरून घ्या. त्यात वय, तंबाखू, कंबरेचा घेर, घरातले आजार असे साधे प्रश्न विचारतात. मशेरी लावत असाल तर तेही सांगा. ‘तंबाखू नाही, फक्त मशेरी’ असे म्हणून कितीतरी बायका तोंडाच्या तपासणीतून सुटतात, आणि त्यांनाच ती सर्वांत आधी हवी असते.

रक्तदाब आणि बोटातून साखर उपकेंद्रातच होते. पुढच्या तपासणीला प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, त्यापुढे दापोली, कळंबणी, कामथे इथली उपजिल्हा रुग्णालये, आणि शहरात जिल्हा रुग्णालय. आधार कार्ड, चालू मोबाइल आणि जुन्या चिठ्ठ्या बरोबर न्या. सकाळी उपाशीपोटी जा. आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण प्रत्येक तपासणी रोज होत नाही, आणि फेरी फुकट गेली की रोजंदारी बुडते. खरा खर्च तिथेच आहे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, औषधे यांचे शुल्क घेत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांचे खाते वेगळे, तिथे नियमही वेगळा असू शकतो. खिडकीवर आधी विचारा. ‘औषध इथे नाही, बाहेरून आणा’ म्हटले, तर चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात दाखवा.

गर्भाशयमुखाच्या तपासणीची भीती बाळगू नका. पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघतात. काही मिनिटांचे काम, निकाल तिथल्या तिथे. पाळीचे दिवस टाळा. ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी करा. ‘एवढी स्वस्त तपासणी काय कामाची’ असे कुणी म्हणाले तर त्यांना हे सांगा: टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासात याच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या.

काही लक्षणांना तपासणीची तारीख लागत नाही. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंडात तीन बोटे उभी जाईनाशी झाली, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला, तर लगेच जा. लावणी आटोपू दे, गणपती होऊ देत, मुंबईहून मुलगा येऊ दे, असे करत महिने जातात. क्षयरोगाची थुंकी तपासणी आणि औषधे मोफत आहेत. निदान झाले की उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात, म्हणून पासबुक बरोबर ठेवा. भाताच्या चिखलात काम केल्यानंतर ताप आणि पोटऱ्या दुखणे हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. मेडिकलमधून गोळी आणून दोन दिवस वाट पाहू नका.

आता खाजगी. ढोबळ दर असे: उपाशीपोटीची साखर ५० ते १०० रुपये, एचबीएवनसी ४०० ते ६००, कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी ४०० ते ८००, क्रिएटिनिन १५० ते २५०. एरवी धडधाकट माणसाला डॉक्टर सहसा एवढेच सांगतात. पॅकेज मात्र दीड ते चार हजारांचे. ‘७० तपासण्या’ हा आकडा कसा होतो? रक्ताच्या एका साध्या सीबीसीतच वीसेक आकडे निघतात, ते सगळे वेगवेगळे मोजतात. त्यात कर्करोगाचे ‘मार्कर’ घातलेले असतील तर नको म्हणा. कोणताही त्रास नसलेल्या माणसात ते कर्करोग शोधायला भरवशाचे नाहीत. आकडा थोडा वर आला की सोनोग्राफी, मग सीटी, आणि घरादाराची झोप उडते. घरून रक्त नेण्याचे पैसे, रिपोर्ट दाखवण्याची वेगळी फी, ‘तातडीचा’ आकार, हे आधीच विचारून घ्या. रुग्णालयाने दर दर्शनी भागात लावणे राज्याच्या नियमाने बंधनकारक आहे. प्राप्तिकर जुन्या पद्धतीने भरत असाल, तर कलम ८०डीखाली प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजा होतात, रोखीने दिलेले असले तरी. पावती मात्र हवी.

काही सापडलेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आता पांढरे रेशन कार्डही चालते. रेशन कार्ड आणि आधार लागतात. नावांची अक्षरे दोन्हीकडे जुळतात का ते आजच पाहा, मंजुरी इथेच अडकते. सगळ्यात मोठी मेख पुढे आहे: योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. दाखल होण्याआधी बाहेरून केलेल्या सीटी-बायोप्सीचे पैसे बहुतेक वेळा तुमच्या खिशातून जातात. म्हणून महागडी तपासणी करण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. या योजनेशी जोडलेले आयुष्मान कार्ड मोफत आहे, कुणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नका. सावर्ड्याजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाची तपासणी आणि उपचार होतात, मुंबईची गाडी पकडण्याआधी तिथे चौकशी करा.

मुंबईला जावेच लागले, तर कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे भाडे पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला घ्या. आणि इथल्या प्रयोगशाळेतून नुसता बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन निघू नका. बायोप्सीच्या काचा (स्लाइड) आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. मोठी रुग्णालये ते पुन्हा तपासतात, आणि नसले तर बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते.