सुटावरचे बूट घेताना

लग्नसराई, १४ एप्रिल आणि १ जानेवारी. आपल्या वस्त्यांत सूट कपाटातून बाहेर निघतो तो मुख्यतः या वेळी. सूट शिवताना आपण दोनदा माप देतो, ट्रायल घेतो, बाही अर्धा इंच लांब झाली तर टेलरशी वाद घालतो. बूट मात्र आदल्या दिवशी शिरूरच्या नाहीतर दौंडच्या बाजारात पाच मिनिटांत घेतले जातात, तेही चकाकी बघून. दुसऱ्या दिवशी रात्री आमच्याकडे टाचेचे फोड दाखवायला माणसे येतात. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान बुटांवर लिहीत आहोत.

बुटावर काय लिहायचे, असे कोणी म्हणेल. आपल्या वाडवडिलांना गावाच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. जनावराचे कातडे सोलणारे हात आणि जोडे शिवणारे हात गावाने वेशीबाहेर ठेवले, आणि जोडे घालून मिरवण्याचा मान मात्र गावाने स्वतःकडे ठेवला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना नीटनेटके लुगडे नेसायला आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्यायला सांगितले, ते याच कारणाने. सूटबूट हा नखरा नाही. पण तो घालून माणसाने लंगडत घरी यावे, हेही बरे नाही.

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभर उभे राहून, चालून पाय थोडे सुजतात. सकाळी बरोबर बसलेला बूट रात्रीच्या वरातीत आवळतो. जे मोजे घालणार तेच घालून जावे आणि दोन्ही पायांत बूट घालून उभे राहावे. बसून माप घेऊ नये, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरते. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो, तेव्हा माप मोठ्या पायाचे धरावे. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. टाच मात्र आत वरखाली होता कामा नये, टाचेचा फोड तिथूनच येतो.

खरी अडचण रुंदीची असते. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेले पाय चवड्याशी रुंद असतात. ऊसतोडीला, शेतात, बांधकामावर राबलेल्यांचे तर असतातच. ते पाय टोकदार बुटात कोंबले की करंगळी चेमटते, अंगठ्याचे नख मांसात रुतते, कुरूप होते. दुकानदार मग एक नंबर मोठा देतो. त्याने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते, पण टोक चिंचोळेच राहते आणि टाच सुटते. नंबर वाढवू नये, आकार बदलून मागावा. पुढून गोल आणि नाडीचा बूट मागावा. नाडीच्या बुटात दोन तऱ्हा असतात. एकात नाडीच्या पट्ट्या खाली शिवून बंद केलेल्या असतात, तो ऑक्सफर्ड. दुसऱ्यात पट्ट्या मोकळ्या उघडतात, तो डर्बी. ऑक्सफर्ड जास्त रुबाबदार मानतात, पण रुंद आणि वरून उंच पावलाला डर्बीच सोसतो. निळ्या सुटावर काळा डर्बी घातला तर कोणी नावे ठेवत नाही. पट्टा त्याच रंगाचा असावा, एवढे पुरे.

चामडे की रेक्झिन? पैशाचा प्रश्न आम्हाला कळतो. रेक्झिनच्या बुटात घाम कोंडतो, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि वर्षाभरात पापुद्रे सुटतात. चामड्याचा बूट पायाच्या आकाराला थोडा सैल होतो आणि त्याला नवा तळ बसवता येतो. पारख सोपी आहे. कापलेली कड बघावी. चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या मागे कापडाची वीण दिसते. एरवी नाक्यावरच्या चर्मकार भावाला दाखवावे, तो हात लावून सांगेल. सुखतळा बदलणे, चावणाऱ्या जागी आतून मऊ तुकडा लावणे ही कामेही तोच करतो, दुकानदार नाही.

मोज्यांबद्दल दोन शब्द. आपल्याकडे मंगल परिणय बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे होतो, वंदनेला नवरदेव बूट काढून उभा राहतो. दीड हजार माणसांना मोज्याचे भोक दिसते! मोजे सुती, पँटच्या रंगाचे आणि त्या दिवशी धुतलेले असावेत. रांजणगाव, कुरकुंभच्या कंपन्यांत आठ-आठ तास सेफ्टी शूज घालणाऱ्या मुलांनी तर पाय धुऊन, बेचकी कोरडी करूनच दुसरा बूट घालावा.

नवा बूट घरात तीन-चार दिवस रोज अर्धा तास, मग तासभर घालून फिरावा. पहिल्यांदा घातला आणि थेट १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाकडे निघालो, असे करू नये. तिथे गाड्या लांब थांबतात, पुढे चालणे आणि रांगेत उभे राहणे असते. त्या दिवशी जुना, सवयीचा बूटच पॉलिश करून घालावा.

फोड आलाच तर फोडू नये. पाणी आणि साबणाने धुऊन, कोरडे करून, स्वच्छ गॉज लावावे. फुटला तर वरची कातडी ओढून काढू नये. हळद, चुना, टूथपेस्ट काही लावू नये.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ते. ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांना बूट चावलेला कळतच नाही. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठा कमी होतो. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने ते बेजार होते आणि शेवटच्या काळात चालायला त्यांना आधार लागे. आपल्याकडे चित्र नेहमीचेच आहे. मुलीच्या लग्नात बाप दिवसभर नव्या बुटात राबतो, दुखले नाही म्हणून बघत नाही, आठ दिवसांनी वास येतो तेव्हा बायको मोजा काढते. तोवर बोट काळे पडलेले असते आणि ते काढावे लागते, कधी त्याच्याही वरून कापावे लागते.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. माणसाला निजवून डोळे मिटायला सांगावे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटाने अगदी हलके, एक-दोन सेकंद टेकवावे. दाबू नये, घासू नये. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. साखर नसलेल्याला बधिरपणा किंवा न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी करून घ्यावी, त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो.

अशा माणसाने टोकदार आणि बिननाडीचा घट्ट बूट घेऊच नये. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, खिळा, दुमडलेला सुखतळा बघावा. समारंभात दर दोन तासांनी बूट काढून पाय बघावा, काळ्या मोज्यावर रक्त दिसत नाही. दिसत नसेल तर तळव्याखाली आरसा धरावा. कुरूप ब्लेडने तासू नये, बाजारातली कुरुपाची पट्टीही लावू नये, तिच्यातले आम्ल बधिर पायाला जखम करते. नखे सरळ कापावीत. लाली पसरली, पू आला, ताप आला किंवा बोटाचा रंग बदलला, तर हळद उतरायची, पूजा-पाहुणे आटोपायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. सुटाचे माप द्यायला जाल, त्याच आठवड्यात तेही करून घ्या.