आवाजानें चालणारा टेहळणी रोबो

मनुष्यानें जाऊं नये तेथें यंत्र पाठवावें, हा विचार आतां पुस्तकांत राहिलेला नाहीं. डीआरडीओच्या पुणें येथील आस्थापनेनें ‘दक्ष’ नांवाचा रोबो तयार केला. संशयित वस्तु तपासून ती निकामी करणें हें त्याचें काम. त्याचा चालक सुमारें ५०० मीटर अंतरावरून त्यास हांकूं शकतो. बेवारस पिशवीची भीति आपल्या उपनगरांस केवळ ऐकीव नाहीं. २ डिसेंबर २००२ रोजीं घाटकोपर स्थानकाबाहेर बसमध्यें बाँबचा स्फोट झाला होता. शाळेंत करावयाचा रोबो अर्थातच इतका पराक्रमी नव्हे. बंद खोलींत जाऊन तेथील चित्र तो आपल्या मोबाईलवर दाखवील, इतकेंच.

त्याचे अवयव थोडे आहेत. चार चाकांची बैठक, चाकांस मोटारी, त्यांस वीज पुरविणारा मोटार-ड्रायव्हर, मेंदूच्या ठिकाणीं आर्डुइनो उनो, एचसी-०५ हें ब्लूटूथ आणि वर छोटा वाय-फाय कॅमेरा. रोबोस मराठी कळतें असा समज मात्र नसावा. ऐकतो तो मोबाईल. ‘पुढें’ हा शब्द ओळखून त्याऐवजीं तो एक अक्षर धाडतो, व तें पाहून उनो चाकें फिरवितो. म्हणून शब्द निवडतांना विचार करावा. ‘डावीकडे’ व ‘उजवीकडे’ यांचें शेपूट एकच. लोकल धडधडत गेली कीं मोबाईलास नेमकें तेवढेंच ऐकूं येतें. त्यापेक्षां ‘खिडकी’ आणि ‘दरवाजा’ असे संकेत ठरविले तरी चालतात. यंत्रास अर्थाशीं कर्तव्य नसतें.

खरी अडचण ‘थांब’ या शब्दाची आहे. बोलणें संपलें हें कळेपर्यंत मोबाईल वाट पाहतो. मग बहुधा आवाज दूरच्या संगणकाकडे जातो व तेथून शब्द परत येतो. यांत एक सेकंद गेला असें धरूं. रोबोचा वेग सेकंदास ४० सेंटीमीटर असेल, तर ‘थांब’ म्हटल्यावरही तो ४० सेंटीमीटर पुढें जाणार. चाळीच्या गॅलरींत जिना तेवढ्याच अंतरावर असला तर? याकरितां थांबण्याचा अधिकार रोबोस स्वतःसच द्यावा. पुढें लाविलेला अल्ट्रासॉनिक संवेदक ध्वनि सोडून त्याचा प्रतिध्वनि ऐकतो. भिंत ३० सेंटीमीटरवर असल्यास ध्वनीस जाऊन येऊन ६० सेंटीमीटर चालावें लागतें. त्याचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर, म्हणजे उत्तर सेकंदाच्या पांचशेव्या भागाच्या आंत मिळतें. जिन्याची कड मात्र या संवेदकास दिसत नाहीं. तिच्यासाठीं खालीं रोखलेला इन्फ्रारेड संवेदक हवा. शिवाय मोबाईलनें दर पाव सेकंदास ‘मी आहे’ अशी खूण पाठवीत राहावें, आणि सेकंदभर ती न आल्यास उनोनें मोटारी बंद कराव्या. एचसी-०५ ची धांव सुमारें १० मीटर. भिंत आड येऊन संबंध तुटला आणि ही सोय नसली, तर शेवटचा हुकूम घेऊन रोबो चालतच राहतो.

मोटारी व उनो यांस एकाच लहान बॅटरीवर ठेवूं नये. मोटारी सुरू होतांना वीज इतकी खेंचतात कीं दाब उतरून मेंदू पुनः प्रथमपासून जागा होतो. बॅटऱ्या दोन घ्याव्या, परंतु त्यांच्या ऋण तारा एकत्र जोडाव्या. लिथियम बॅटरी चार्ज होत असतां घरांतील कोणी वडील माणूस जवळ असावें.

राहतां राहिला कॅमेरा. मुलुंड काय, अंधेरी काय, आपल्या इमारतींत खिडकीसमोर खिडकी असते, व शेजाऱ्याच्या घरांत डोकावण्याचा अधिकार रोबोस नाहीं. कॅमेऱ्यास ज्या तारेनें वीज मिळते तिलाच एक तांबडा दिवा जोडावा. तो विझविण्याची आज्ञा मोबाईलवर ठेवूंच नये. म्हणजे कॅमेरा चालू आहे कीं बंद, हें समोरच्या गॅलरींत उभ्या असलेल्या मनुष्यासही दिसेल.