शरणागतास अभय : सशाच्या लीळेचे चिंतन

श्रीलीळाचरित्रातील ही लीळा वासनिकांच्या परिचयाची आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेल्यास देता येत नाही, असे सांगून स्वामींनी त्यांस हिंसेपासून परावृत्त केले. ते गेल्यावरच मांडी उचलली आणि सशास ‘महात्मा’ असे संबोधून जाण्यास सांगितले.

येथील क्रम ध्यानात घ्यावा. प्रथम आसरा, मग अन्याय करणाऱ्यास निरूपण, शेवटी सन्मानपूर्वक मोकळीक. भ्यालेल्या जीवास उपदेश नाही. उपदेश आहे तो पारध्यांस.

आपण पुष्कळदा हा क्रम उलटा करतो. सासरी छळलेली लेक किंवा जातीवरून अपमानिलेला मनुष्य आश्रमाच्या दारी येतो, तेव्हा ‘हे तुझेच कर्मफळ, क्षमा कर’ असे तत्काळ सांगतो. सिद्धांत खरा असला तरी त्या क्षणी तो दुसरा घाव ठरतो. कर्मविचार साधकाने आत्मशोधनासाठी करावा. पीडिताचे तोंड बंद करण्यासाठी नव्हे.

छळाने मनात भय उरते, तशी हीनताही उरते. भय आसऱ्याने ओसरते, हीनता आदराने. म्हणून आलेल्याचे आधी ऐकावे. त्यास पुन्हा छळणाऱ्याच्या हाती देऊ नये. आणि सावरल्यावर त्याच्याच इच्छेने जाऊ द्यावे. शरणागताचे रक्षण ते हेच.

दंडवत प्रणाम.