वाक्यातील कर्ता आणि उत्तरदायित्व

‘कोरोनाकाळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गैरवापर झाला’ हे वाक्य पाहा. येथे ‘गैरवापर’ हाच व्याकरणिक कर्ता आहे. तो करणारे अदृश्य राहतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी पुरेशा पुराव्याआधीच या औषधाची स्तुती केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ते प्रतिबंधासाठी केवळ आरोग्यकर्मी व बाधितांचे कुटुंबीय यांना सुचवले. २६ मार्चला केंद्र सरकारने विक्रीवर निर्बंध घातले. जूनमध्ये ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयातील रुग्णांना त्याचा लाभ आढळला नाही. समजा, सेनगावातील एखाद्याने चिठ्ठीविना गोळ्या घेतल्या. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. विकणाराही कर्ताच. ज्याचा शब्द दूरवर पोहोचतो, त्याचे उत्तरदायित्व सर्वाधिक.

स्वाध्याय : वरील वाक्य, गैरवापर करणाऱ्यास कर्तृस्थानी ठेवून, तीन प्रकारे लिहा.